मेघवनातील वृक्ष आणि दुष्काळाचा इतिहास

इतिहासाच्या साधनांचा विचार करू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. राजाने देऊळ बांधले तर त्याचा शिलालेख असतो. गाव इनाम दिला तर ताम्रपट असतो. लढाई मारली तर बखर असते, पोवाडा असतो. परंतु पाऊस पडला नाही, एवढीच गोष्ट कोणी दगडावर खोदून ठेवीत नाही. दुष्काळ जितका भयंकर, तितके त्याविषयी लिहिणारे हात थोडे. कुळकर्णी गाव सोडून जातो, दाता दरिद्री होतो, पाथरवट अन्नाच्या शोधात भटकू लागतो. मग दोन-तीन पिढ्यांनंतर जे सांगितले जाते, त्यात वर्षांची संख्या हटकून बारा होते, कारणाच्या जागी देवीचा कोप येतो, आणि निवारणाच्या जागी एखाद्या सत्पुरुषाचा चमत्कार येतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेलेल्यांस खुली केली, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पण ज्या दुष्काळामुळे ती कोठारे उघडावी लागली, तो कोणत्या साली सुरू झाला, किती टिकला आणि कोठवर पसरला, हे विचारले तर उत्तर देणे कठीण पडते.

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्याबरोबर महाराष्ट्रास एक धडा घालून दिला. तो असा की, मागाहून लिहिलेली बखर आणि त्या त्या वेळी लिहिलेला अव्वल कागद यांची किंमत एक नव्हे. हा विवेक आता आपल्या अंगवळणी पडला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका अव्वल कागदाची ओळख वाचकांस करून देणार आहो. तो माणसाने लिहिलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. दक्षिण व्हिएतनामातील उंच डोंगरांवर, वर्षातील पुष्कळ दिवस ढगांत बुडालेल्या अरण्यात जे जुने वृक्ष उभे आहेत, त्यांच्या लाकडात जवळजवळ एक हजार वर्षांच्या पावसाची व अवर्षणाची नोंद वर्षावार्षिक होत आली आहे. ही नोंद कशी होते, ती वाचण्याची विद्या माणसास कशी साधली, आणि तिच्यावरून इतिहासाने काय बोलावे व काय बोलू नये, हे तीन प्रश्न आमच्यासमोर आहेत.

प्रथम त्या अरण्याविषयी. उष्ण कटिबंधात समुद्राकडून येणारी दमट हवा डोंगरास अडून वर चढली की थंड होते, आणि ठराविक उंचीवर तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. ज्या वनांवर हे ढग नित्य टेकलेले असतात, त्यांना आपण मेघवने म्हणू. तेथील झाडांना पाणी केवळ पावसातून मिळत नाही. ढगातील सूक्ष्म थेंब पानांवर, शेवाळावर, फांद्यांवरून लोंबणाऱ्या दगडफुलांवर जमतात आणि ठिबकत जमिनीवर पडतात. कित्येक झाडे तर पानांच्या पृष्ठभागातूनच थोडेबहुत पाणी आत घेतात. शिवाय ढगामुळे ऊन मंद होते, हवा ओली राहते, म्हणून पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाणही कमी असते. असे हे दुहेरी उत्पन्न आणि अल्प खर्च असलेले संसार आहेत. साहजिकच कोणी म्हणेल की, दुष्काळाची साक्ष काढावयाची तर ती माळरानावरील बाभळीची काढावी. ज्याने तहान कधी पाहिली नाही, त्या मेघवनातील वृक्षास दुष्काळाचे काय विचारता?

ही शंका रास्त दिसते, परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. ज्याचा संसार बेताचा असतो, तो काटकसरीस सरावलेला असतो. ज्याला कधी कमी पडले नाही, त्याचे पहिल्याच तोट्यात कंबरडे मोडते. अवर्षणाच्या वर्षी हवा तापते व कोरडी होते, ढगांचा थर नेहमीपेक्षा वर उचलला जातो, आणि जे वन ढगात असावयाचे ते ढगाखाली येते. मग तीन आपत्ती एकदम कोसळतात. पाऊस कमी होतो, धुक्याचे ठिबकणे थांबते, आणि उघडे ऊन पडल्याने पानांतून जाणारे पाणी वाढते. उत्पन्न घटते त्याच वेळी खर्च वाढतो. त्या वर्षीच्या लाकडात ही ओढाताण उमटल्यावाचून राहत नाही.

ती कशी उमटते हे समजण्यासाठी लाकडाची घडण थोडी पाहिली पाहिजे. झाडाची साल आणि लाकूड यांच्या मध्ये जिवंत पेशींचा एक अत्यंत पातळ थर असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला ऊतककर म्हणतात. हा थर आतल्या बाजूस लाकडाच्या नव्या पेशी टाकीत जातो. नवी पेशी जन्मास आल्यावर प्रथम फुगते, मग तिची भिंत जाड होते, आणि शेवटी ती मरून पोकळ नळी बनते; अशा असंख्य मृत नळ्यांतूनच मुळांचे पाणी शेंड्यापर्यंत चढते. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, पेशी फुगते ती तिच्या आतील पाण्याच्या दाबाने. फुग्यात हवा भरावी तसा हा प्रकार आहे. पाणी भरपूर असेल तर पेशी ऐसपैस होते. पाण्याची चणचण असेल तर ती आखडलेलीच राहते, आणि त्याच मापात तिची भिंत पक्की होऊन बसते. एकदा पक्की झालेली भिंत पुन्हा बदलत नाही. चांगल्या पावसाचे वर्ष आले तरी मागील वर्षाची आखडलेली पेशी रुंद होत नाही. त्या वर्षी जे लिहिले गेले, त्यात मागाहून खाडाखोड होत नाही. अव्वल कागदाचे लक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

सूचिपर्णी वृक्षांत ही रचना फार सुबक असते. हंगामाच्या आरंभी झाड रुंद पोकळीच्या, पातळ भिंतीच्या पेशी बनविते, म्हणून ते लाकूड फिके दिसते. हंगाम संपत आला की पेशी अरुंद व जाड भिंतीच्या होतात, म्हणून ते लाकूड गडद दिसते. फिका पट्टा आणि गडद पट्टा मिळून एका वर्षाचे वलय होते. दुष्काळाच्या वर्षी पेशींच्या रांगाही थोड्या पडतात आणि प्रत्येक पेशीही लहान असते. त्यामुळे वलय अरुंद होते, आणि गडद पट्टा कधी वेळेआधीच सुरू होतो. हंगामाच्या मध्ये कोरडे पडून पुन्हा पाऊस आला तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. दुष्काळ फारच कडक असेल तर खोडाच्या एखाद्या बाजूस त्या वर्षीचे वलय उमटतच नाही.

रुंदपर्णी झाडांत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या अधिक मोठ्या असतात, त्यांना वाहिन्या म्हणतात. दुष्काळात त्याही अरुंद होतात, आणि त्याचा परिणाम दिसतो त्याहून फार मोठा असतो. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे होत नाही, सोळाव्या हिश्शावर येते. मग निसर्ग अशा अरुंद नळ्या का बनवितो? एक तर, वर सांगितल्याप्रमाणे, पेशीला फुगण्यास पाणीच मिळत नाही. दुसरे असे की, अरुंद नळीचा एक लाभही असतो. झाडात पाणी वर चढते ते खालून ढकलल्यामुळे नव्हे, तर वरून ओढल्यामुळे, हा सिद्धान्त डिक्सन व जॉली या दोघा शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडला. पानांतून बाष्प उडते आणि पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. जमीन कोरडी पडली की हा धागा ताणला जातो, आणि ताण असह्य झाला म्हणजे नळीत हवेचा बुडबुडा शिरून धागा तुटतो. रुंद नळ्यांत ही आपत्ती सामान्यतः लवकर ओढवते, अरुंद नळ्या तग धरतात. म्हणजे दुष्काळात घडलेले लाकूड हे जीव वाचविणारे, पण वाढ खुंटविणारे लाकूड असते. आणि ते पुढेही झाडाच्या अंगातच राहत असल्यामुळे एका दुष्काळाची झळ पुढील एक-दोन, कधी तीन-चार वर्षांच्या वाढीसही लागते. शेतकऱ्याच्या घरात एका सालचे कर्ज पुढील सालांच्या पिकांतून फिटत राहते, तसाच हा प्रकार आहे.

आता ही नोंद वाचण्याची विद्या कशी सिद्ध झाली ते पाहू. ओल्या व कोरड्या वर्षांचा वलयांच्या रुंदीशी संबंध असतो, हे लिओनार्दो दा विंचीने हेरले होते. पण त्यावरून पद्धतशीर शास्त्र उभारले ते अमेरिकेतील अँड्र्यू एलिकॉट डग्लस याने. हा गृहस्थ मूळचा ज्योतिर्विद. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानावर काही परिणाम होतो की काय, हे शोधण्याच्या नादात तो १९०४ च्या सुमारास ॲरिझोना प्रांतातील पाइन वृक्षांची वलये मोजू लागला. त्याच्या लक्षात आले की, केवळ वलये मोजून भागत नाही, कारण एखादे वलय हरवलेले असते आणि एखादे दुप्पट दिसते. म्हणून त्याने अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून पाहिली. रुंद, रुंद, अरुंद, रुंद, अत्यंत अरुंद असा जो क्रम एका झाडात, तोच शेजारच्या दहा झाडांत मिळाला, तर वर्ष नक्की झाले. आपल्याकडील संशोधक निरनिराळ्या घराण्यांच्या दप्तरांतील तिथिवार ताडून शकावली लावतात, त्याच रीतीची ही ताळमेळ होय. जिवंत झाडांवरून मागे जात जात, मग जुन्या घरांच्या तुळयांवरून आणखी मागे जात, १९२९ मध्ये डग्लसने तेथील प्राचीन वस्त्यांचा काळ वर्षासकट सांगितला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ च्या दरम्यान, त्या प्रदेशावर पडलेले दीर्घ अवर्षणही त्याच वलयांतून उजेडात आले. १९३७ मध्ये टूसॉन येथे ह्या विद्येची स्वतंत्र प्रयोगशाळाच स्थापन झाली.

परंतु हे सर्व थंड हिवाळ्याच्या देशांत. तेथे हिवाळ्यात वाढ पूर्ण थांबते, म्हणून वलय स्पष्ट उमटते. उष्ण कटिबंधात बारा महिने ऊब असते. तेथील झाडांत वर्षवलये नसतातच, असा समज फार दिवस रूढ होता. या समजास आपल्या परिचयाच्या सागवानाने प्रथम तडा दिला. कोरड्या ऋतूत पाने गाळणाऱ्या सागात वलये स्पष्ट असतात. बर्लागे नावाच्या डच हवामानशास्त्रज्ञाने जावा बेटातील सागाच्या वलयांची १५१४ पासूनची मालिका १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत के. ए. चौधुरी यांनी हिंदुस्थानातील झाडांत वलये कशी व केव्हा बनतात याचा अभ्यास १९३९-४० च्या सुमारास केला. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दुष्काळी वर्षांत, विशेषतः प्रशांत महासागर तापून मोसमी पाऊस बिघडतो त्या वर्षांत, सागाची वलये अरुंद होतात, असे तिच्यावरून दिसून आले.

त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, ब्रेंडन बकली व त्यांचे सहकारी यांनी व्हिएतनामच्या मेघवनातील वृक्षांची साक्ष जगापुढे ठेवली. लाम डोंग प्रांतात दा लात शहराजवळ बिडूप-नुई बा नावाचे संरक्षित अरण्य आहे. तेथील डोंगरमाथ्यांवर फोकिएनिया नावाचा, सरूच्या कुळातील, सूचिपर्णी वृक्ष वाढतो. स्थानिक लोक त्याला पो मू म्हणतात. त्याच्या खोडात पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षाही बारीक नळकांडे काढतात. झाड जिवंत राहते आणि त्याचा इतिहास हाती येतो. अशा नमुन्यांवरून १०३० ते २००८ अशी ९७९ वर्षांची मालिका जुळली, आणि तिच्यातील उत्तरेकडच्या साडेसात शतकांच्या भागावरून त्या प्रदेशातील ओलीसुकी वर्षे भरवशाने सांगता आली. ह्या वृक्षाची वलये मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांची साक्ष देतात. कोरडा ऋतू संपून मोसमी पाऊस सुरू होण्याचा तो संधिकाल. पाऊस लांबला की तहान लांबते आणि वलय आखडते.

ह्या वलयांनी जे सांगितले, त्याचा संबंध पाचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या एका महानगराशी आहे. कंबोडियातील अंगकोर ही ख्मेर राजांची राजधानी नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत नांदली. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले अंगकोर वाट हे विष्णुमंदिर आपल्या वाचकांस चित्रांतून परिचित असेलच. पण ह्या नगराचे खरे आश्चर्य मंदिरांत नसून पाण्यात होते. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांवर विरळ पसरलेल्या वस्तीला कालवे, बंधारे, खंदक आणि विस्तीर्ण तलाव यांचे जाळे जोडलेले होते. पश्चिम बाराय हा एकच तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. १२९६-९७ मध्ये चीनच्या वकिलातीबरोबर आलेला चौ ता-क्वान हा प्रवासी येथे जवळजवळ वर्षभर राहिला. येथे सहा महिने पाऊस पडतो व सहा महिने मुळीच पडत नाही, आणि वर्षाला तीन-चार पिके निघतात, असे तो नमूद करतो. सहा महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविणे, हाच त्या राज्याचा पाया होता.

पुढे काय झाले? अंगकोर येथील शेवटचा तिथियुक्त संस्कृत शिलालेख १३२७ चा आहे. त्यानंतर दगड मुके होतात. संस्कृताची व शैव धर्माची जागा थेरवादी बौद्ध धर्म घेत होता, म्हणून हे मौन केवळ आपत्तीचे मानणे बरोबर होणार नाही. पण मौन आहे हे खरे. १४३१ मध्ये सयामच्या अयुथ्येच्या राजाने अंगकोर घेतले असे परंपरा सांगते. या दोन सालांमधील शंभर वर्षांत माणसांनी लिहिलेले जवळजवळ काही नाही. नेमक्या याच शंभर वर्षांविषयी मेघवनातील वृक्ष बोलतात. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरार्धापर्यंत दशकानुदशके मोसमी पाऊस दुबळा राहिला. पंधराव्या शतकाच्या आरंभी दुसरे अवर्षण आले. ते अल्पकाळाचे, पण अधिक तीव्र होते. १४०३ हे तर त्या साऱ्या मालिकेतील सर्वांत कोरडे वर्ष ठरले. आणि या दोन दुष्काळांच्या दरम्यान काही वर्षे विलक्षण अतिवृष्टीची गेली. उत्खननात अंगकोरचे काही कालवे वाळू-खडीने बुजलेले सापडले, ते या अतिवृष्टीशी जुळते. दुष्काळाशी जुळवून घेण्यासाठी बदललेल्या जलव्यवस्थेवर एकाएकी महापूर लोटले, तेव्हा ती फुटली व गाळाने भरली, असा तर्क संशोधकांनी केला आहे.

येथे इतिहासलेखकास मोह पडतो. वलये अरुंद आणि राज्य बुडाले, एवढे जोडून दिले की कथा पूर्ण होते. एका कारणाने सर्व उलगडते. आमच्या मते येथेच थांबून विचार केला पाहिजे. अंगकोर थोमच्या खंदकातील गाळाचे थर तपासून २०१९ मध्ये दुसऱ्या एका संशोधक-मंडळाने असे दाखविले की, नगराच्या मध्यभागातील वस्ती व जमिनीचा वापर चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासूनच हळूहळू ओसरू लागला होता. म्हणजे वृक्षांनी सांगितलेला मोठा दुष्काळ येण्यापूर्वीच सरदार-दरकदारांनी पाय काढता घेण्यास आरंभ केला होता. समुद्रमार्गे चालणारा व्यापार वाढत होता, सत्तेची केंद्रे दक्षिणेकडे सरकत होती. तेव्हा दुष्काळाने राज्य बुडविले असे म्हणण्यापेक्षा, ज्या घराची डागडुजी करण्यास घरधनीच उरला नव्हता त्या घरावर दुष्काळ व महापूर लागोपाठ आले, असे म्हणणे अधिक न्यायाचे. वृक्षाने पाण्याची साक्ष दिली. राज्याची साक्ष त्याला कोणी विचारू नये. अव्वल कागदासही त्याच्या मजकुराबाहेर बोलावयास लावणे हा अन्यायच होय.

हे तारतम्य ठेवून आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात दुर्गादेवीच्या दुष्काळाचा उल्लेख केला आहे. तो १३९६ मध्ये सुरू झाला आणि लोककथेप्रमाणे बारा वर्षे टिकला. बारा हा आकडा पाहून टीकाकाराच्या कपाळास आठी पडणे स्वाभाविक आहे. परंतु व्हिएतनामी वृक्षांचे सर्वांत कोरडे वर्ष, १४०३, ह्याच बारा वर्षांत पडते. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. तो प्रदेश हजारो किलोमीटर दूर, तेथील वलये चैत्र-वैशाखाची साक्ष देणारी, आणि आपला पाऊस आषाढ-श्रावणाचा. म्हणून जवळचा साक्षीदार हवा. तो छत्तीसगडात, बस्तरच्या दंडक गुहेत मिळाला. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने जे चुन्याचे स्तंभ बनतात, त्यांच्या थरांतील प्राणवायूच्या भिन्न भारांचे प्रमाण मोजून इ. स. ६०० ते १५०० या काळातील मोसमी पावसाचा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौदाव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार व दीर्घकाळ दुबळा पडल्याचे दिसते. गुहा, वृक्ष आणि आख्यायिका हे तीन साक्षीदार परस्परांस न भेटता एकाच दिशेने बोट दाखवितात. आख्यायिकेतील बारा वर्षे काटेकोर खरी नसतीलही. पण जी माणसे ती सांगत होती, त्यांनी भोगलेले दुःख कल्पित नव्हते, एवढे आता निःशंक म्हणता येते.

२०१० मध्येच आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षमालिका एकत्र करून गेल्या सात शतकांतील मोसमी दुष्काळांचा नकाशासंग्रह तयार झाला. त्यात चार महादुष्काळ ठळकपणे दिसतात : १६३८-४१, १७५६-६८, १७९०-९६ आणि १८७६-७८. यांतील तिसऱ्याच्या काळात, १७९१-९२ मध्ये, दख्खनेत व दक्षिण मराठी मुलखात जो दुष्काळ पडला, त्याला ‘कवट्यांचा दुष्काळ’ असे भीषण नाव मिळाले आहे. चौथा तर आपल्या आजे-पणजांच्या तोंडी होता. १८७६-७८ च्या त्या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, आणि पुढे १८८० च्या दुष्काळ-आयोगाने इंग्रजी मुलखातीलच मृत्यू पन्नास लाखांहून अधिक मोजले. त्या साली पाऊस सर्व आशियाभर रुसला होता. परंतु धान्य कोठे पाठवावे, मजुराला किती घालावे, हे वृक्षांनी किंवा ढगांनी ठरविले नव्हते. ते माणसांनी ठरविले. वलयांची साक्ष अवर्षण सिद्ध करते. उपासमारीचा जाब माणसांनाच द्यावा लागतो. जुन्या-नव्या राज्यकर्त्यांस निसर्गाआड लपू न देणे, हाही ह्या विद्येचा एक उपयोगच आहे, कारण निसर्गाचा वाटा नेमका किती, हे आता मोजून वेगळे काढता येते.

सर्वच मेघवनातील वृक्ष अशी वलये राखतात असे मात्र नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात मोंतेवेर्दे येथील मेघवन प्रसिद्ध आहे. तेथे एक सोनेरी रंगाचा बेडूक राहत असे. १९८९ नंतर तो कोणासही दिसला नाही. हवा तापल्याने ढग वर गेले आणि वन कोरडे पडले, म्हणून तो नष्ट झाला, असे एक अनुमान १९९९ मध्ये मांडले गेले. तेथील झाडांत वलये नाहीत. तेव्हा साक्ष काढावी कशी? संशोधकांनी लाकडाचे अतिसूक्ष्म काप घेऊन त्यांतील प्राणवायूच्या भारांचे प्रमाण मोजले. ढगाचे पाणी व पावसाचे पाणी, ओला ऋतू व कोरडा ऋतू यांचे प्रमाण निरनिराळे असते, म्हणून वलयाच्या अभावीही वर्ष ओळखता आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाप्रमाणे गेल्या शतकात तेथे सतत कोरडे होत जाण्याची दिशा दिसली नाही; मात्र प्रशांत महासागर तापल्यामुळे १९८६-८७ चा कोरडा काळ असाधारण होता. सर्वांना पटेल असे उत्तर देण्याऐवजी वृक्षांनी खरे उत्तर दिले. आमच्या सह्याद्रीच्या माथ्यावरही, महाबळेश्वर-आंबोलीकडे, पावसाळ्याचे चार महिने ढगांत बुडालेली जांभळी-अंजनीची सदाहरित राने आहेत. त्यांच्याही खोडांत वलये सहजी वाचता येत नाहीत. मोंतेवेर्दे येथील अनुभवावरून पाहता ती मुकी आहेत असे मात्र समजू नये.

आता शेवटची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फोकिएनियाचे लाकूड सुवासिक, टिकाऊ व देखणे असते. म्हणून घरे, सामान, शवपेटिका यांसाठी त्याला मोठी मागणी, आणि त्यामुळे चोरटी तोडही फार. हा वृक्ष आज जगातील संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. तोडणारा अर्थातच सर्वांत जुना, सर्वांत जाड वृक्ष निवडतो, म्हणजे सर्वांत दूरच्या काळाची साक्ष देणाराच प्रथम पडतो. राजवाड्यांनी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी गेलेल्या, वाळवीने खाल्लेल्या दप्तरांबद्दल जी हळहळ केली, तिचाच हा दुसरा प्रकार आहे. कागदाची एखादी नक्कल तरी कोठे सापडते. सहाशे वर्षे ज्याने पाऊस मोजला, त्या खोडाची नक्कल नसते.

आपल्याकडेही ही हळहळ करण्याची वेळ येऊन ठेपली आहे. पुण्या-नाशकातील, कोकणातील, देशावरील जुने वाडे पाडले जात आहेत, आणि त्यांच्या सागवानी तुळया, खांब, कडीपाट जुन्या लाकडाच्या बाजारात विकले जात आहेत. त्या तुळयांत पेशवाईच्या आणि तिच्याही आधीच्या पावसाळ्यांची वलये असण्याचा संभव आहे. तुळई विकण्यापूर्वी तिच्या टोकाची वीतभर चकती कापून, वाडा कोठला व केव्हाचा हे त्यावर लिहून, ती एखाद्या संग्रहालयाकडे किंवा संशोधन-संस्थेकडे दिली, तर घरधन्याचे काही जात नाही. घरातील जुने रुमाल मंडळांच्या स्वाधीन करण्याची जी सवय आपल्या सुशिक्षित कुटुंबांस हळूहळू लागली, तीच लाकडाच्या बाबतीतही लागावी, एवढी आमची विनंती आहे. दुष्काळ ह्या देशात पुन्हा पुन्हा येतात. पूर्वीचे किती दीर्घ व किती विस्तृत होते हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांनाच पुढच्यासाठी किती पाणी व किती धान्य राखावे, याचा काही अदमास बांधता येईल.